आधी खजूर

इम्तियाज,

आज सकाळी पुन्हा तट्ट झालं. मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसले होते. भिंतीपलीकडे, दुकानात, जावेदनं कुणाच्या तरी सायकलला बॅटरी जोडली आणि तो आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. पाठोपाठ जावेदची शिवी आणि मग गिऱ्हाइकाचं कसनुसं हसू. तू असतास तर मी ताट बाजूला सारून ओरडले असते, "खजूर कुठंय?" आणि तू पलीकडून म्हणाला असतास, "खाल्ला वाटतं कुणीतरी." आता मी ओरडत नाही. तांदूळ निवडत राहते. निवडून झाले की तेच परत ताटात घेते आणि परत निवडते.

तुला इद्दत ऐकून माहीत. पुरुषांना ती ऐकूनच माहीत असते. नवरा गेला की बाईनं ठरलेल्या मुदतीपर्यंत घरात राहायचं, नटायचं नाही, परक्या पुरुषासमोर जायचं नाही. एका ओळीत सांगून संपतं. पण ती ओळ मला उठल्यापासून झोपेपर्यंत पुरवायची असते. या खोलीतल्या लाद्यांचे तडे मला आता पाठ झाले आहेत. पंखा कोणत्या फेरीला कुरकुरतो तेही. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून रस्ता दिसतो, त्यावरून शनिवारी मुंबईच्या गाड्या मांडव्याहून येतात आणि रविवारी मांडव्याला जातात. त्यांचं येणं-जाणं बघून मला वार कळतो.

भेटायला येणाऱ्या बायकांना मी सांगते की माझी काही तक्रार नाही. तुला कशाला खोटं सांगू? तक्रार आहे. पण इद्दत पाळायची नाही असंही माझ्या मनात येत नाही. तुझ्या नावानं बसायचं तर मी बसेन, कुणी सांगायची गरज नाही. फक्त तू भिंतीला लागून दुकान ठेवून गेलास, तिथं सगळी पंचाईत झाली. नुसती भिंत असती तर मी तिच्याकडं तोंड करून रडले असते. या भिंतीतून आवाज येतो, आणि त्या आवाजात काय चुकतंय ते मला कळतं, आणि उठून पलीकडं जाता येत नाही.

तुझी कबर मी अजून पाहिलेली नाही. जावेद दीर पडला, त्यानं दाराआडून सांगितलं, फाटकातून शिरलं की डावीकडं, काजूच्या झाडाजवळ. मला आधी हसू आलं. काजूच्या बोंडांचा वास तुला सहन होत नसे, नाक दाबून पळायचास. आता काय करशील?

मांडव्याच्या जेट्टीवर तू बाकावर बसलास आणि उठला नाहीस, एवढंच मला कळलं. भाड्यानं नेलेली सायकल मुंबईची पोरं तिथंच सोडून लाँच पकडणार होती, ती आणायला तू गेला होतास. डॉक्टर म्हणाले, हार्ट. पण आपल्या गावाला नुसतं हार्ट पुरत नाही. सायकल शेजारी उभी होती, काढलेली बॅटरी तुझ्या मांडीवर होती, मग गावाचं ठरलं. बॅटरीच्या करंटनं खेचला. मय्यतीला आलेल्या बायका एकमेकींच्या कानात तेच सांगत होत्या, आणि मी शेजारीच बसले होते. बॅटरी कशालाही जोडलेली नव्हती, तिच्या प्लगला टोपण होतं, ती नुसती मांडीवर ठेवलेली होती. हे मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग सोडून दिलं.

मामीनंही तेच धरून ठेवलं. तुझी अम्मी लग्नाआधीपासून माझी मामी. लग्नानंतर मला तिला दुसरं काही म्हणताच आलं नाही, आणि तिनंही कधी 'अम्मी म्हण' असा हट्ट धरला नाही. लहानपणी सुट्टीत म्हसळ्याहून आले की तीच मला गरम सांदणं खायला घालायची आणि तुझ्या वाटचं एक गुपचूप माझ्या ताटलीत सरकवायची. आता तीच मामी या खोलीच्या उंबऱ्यावर बसून असते, हातात तसबीहची माळ, नजर माझ्यावर. "तू त्या डब्यांना हात लावायचा न्हाय," म्हणते. "माझ्या पोराला त्यांनीच चावलं. तुना पण चावू द्यायची काय?"  तिला कुणीतरी गुन्हेगार हवा आहे. बॅटरी उलटून बोलत नाही, म्हणून तिच्यावर आलं.

भिंतीतली ती खिडकी तुला आठवते ना? आठवते का, असं मी मेलेल्या माणसाला विचारतेय, पण विचारू दे. आपलं लग्न नवं होतं. तू सोल्डर करायला बसायचास आणि तुझा हात थरथरायचा. मोटर खोलायला, चाक जोडायला तू वस्ताद, पण बारीक काम आलं की घाम फुटायचा. एकदा मी तुझ्या हातातून ती तापलेली कांडी काढून घेतली आणि जोड मारून दिला. तू तो जोड उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होतास. दुसऱ्या दिवशी दुकान आणि खोली यांच्यामधली भिंत फोडलीस. ताट जाईल एवढीच खिडकी, तिला सरकती फळी. पलीकडून तू बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचास, फळी सरकायची, आणि बॅटरी आत यायची. "घे गो," म्हणायचास, त्या 'गो'ला जरा लांबवून. मी काम करून परत सरकवायची. लोकांसमोर मी तुला 'तुम्ही' म्हणायची, आणि फळी सरकली की 'तू'. मला ती खिडकी तेव्हा फार आवडायची. नंतर तीच बघून राग येऊ लागला.

आणि तो रमजान. थळच्या कोळणींच्या सायकलींना मोटर बसवून द्यायचं काम तेव्हा तू नुकतंच धरलं होतंस. मागं मासळीची पाटी बांधून त्या बंगल्या-बंगल्यांना फिरायच्या, चढाला धाप लागायची, मोटर बसल्यावर सगळ्या खूश. पण बॅटरी त्या रोज काढून घरात चार्ज करायच्या आणि रोज सकाळी परत जोडायच्या. म्हणजे रोज सकाळी तट्ट. कंट्रोलरच्या पोटात कपॅसिटर असतात, ते रिकामे होऊन बसलेले. बॅटरी टेकली रे टेकली की ते एका झटक्यात मिळेल तेवढं ओढून घेतात, आणि त्या ओढाओढीत प्लगच्या तोंडाशी ठिणगी पडते. रोजच्या ठिणगीनं पितळेला काळे खड्डे पडतात. त्यात आपली खारी हवा घुसते. मग प्लग तापायला लागतो, आणि एक दिवस चढावर मोटर बंद पडते, नाहीतर प्लास्टिक वितळून प्लग चिकटून बसतो.

त्यावरचा उपाय तुला कळला होता. जाड लाल वायरीच्या बाजूला एक बारीक वायर काढायची आणि तिच्यात करंट अडवणारा रेझिस्टर लपवायचा. आधी काळी जोडायची. मग ही बारीक वायर टेकवायची, म्हणजे करंट थेंबथेंब जातो आणि कपॅसिटर सावकाश भरतात. एक लांब श्वास घ्यायचा. मग जाड लाल लावायची, ठिणगी पडत नाही. तू प्रत्येकीला हे समजावून सांगायचास, हातवारे करून, आणि त्या मान हलवायच्या. घरी गेल्यावर बारीक वायर बॅटरीला गुंडाळून ठेवायच्या आणि जाड थेट लावायच्या. थेट लावूनही सायकल चालते, मग एवढं कोण करणार?

त्या संध्याकाळी मगरिबची अजान झाली, आपण दस्तरखान अंथरून रोजा सोडायला बसलो होतो, तू खजूर उचललास, आणि बाहेर अंगणात थळच्या कमळामावशीनं आपली बॅटरी जोडली. तट्ट. तू अर्धा उठलास. मी म्हटलं, "बस. आधी खजूर." तू म्हणालास, "अगं प्लग जळेल तिचा!" मी म्हटलं, "मग तिला पण हेच सांग. दिवसभर उपाशी पोट. त्याला आधी खजूर, मग घोटभर पाणी, मग जेवण. एकदम बिर्याणीवर पडलं की काय होतं ते तुना म्हायत हाय." ते तुला माहीत होतंच, आदल्या दिवशी तू पोट धरून लोळला होतास. तू माझ्याकडं बघत राहिलास. मग तोच खजूर हातात धरून अंगणात पळालास, रोजा न सोडताच. मी दारातून ऐकलं. तू तिला खजूर दाखवून सगळं समजावलंस, आणि कमळामावशी म्हणाली, "आदी तो खजूर मना दे, मंग वायरीला घाल."

तो तिनं खाल्ला. आणि दुसऱ्या दिवसापासून बारीक वायर लावायला लागली. बघता बघता मांडव्यापासून थळपर्यंत त्या वायरीचं नाव खजूर पडलं. ज्या बायकांनी जन्मात रोजा धरलेला नाही त्या एकमेकींना विचारायच्या, "खजूर लावला का गो?" तू रोज रात्री जेवताना मला कुणी कसं विचारलं ते सांगायचास, नकला करून. मी हसायची. आणि मग मी म्हणायची की मला हे स्वतःच्या कानांनी ऐकायचंय.

आपलं भांडण तेवढंच होतं, आणि ते कधी संपलं नाही. मला माझं टेबल पुढं हवं होतं, दुकानात, तुझ्या टेबलाशेजारी. तू नाही म्हटलं नाहीस, तेवढा तू शहाणा. तू म्हणायचास, सीझन जाऊ दे. सीझन जायचा, दुसरा यायचा. तू म्हणायचास, बाहेर धूळ असते, तुझं काम बारीक. एकदा तू मोठ्या मनानं म्हणालास की खिडकी आणखी रुंद करून देतो. मी दार मागत होते आणि तू खिडकी रुंद करायला निघाला होतास! त्या दिवशी मी तुझ्या चहात साखर घातली नव्हती. तू गपचूप प्यायलास, त्यामुळं माझा राग जास्तच वाढला.

शेवटच्या सकाळीही तेच. तू हेल्मेट उचललंस, मी म्हटलं, "धूळ मना लागते आनि तुना न्हाय?" तू हसलास. दारात वळून म्हणालास, "आल्यावर सांगतो."

काय सांगणार होतास? या खोलीत बसून मी त्याची सगळी उत्तरं करून बघितली आहेत. कधी वाटतं, तू हो म्हणणार होतास. कधी वाटतं, आणखी एखादी धूळ शोधून काढणार होतास. एक उत्तर धरून तुझ्यावर रागवावं तर दुसरं आठवतं, आणि दुसरं धरून रडावं तर पहिलं. माझं मन तिथंच अडकून पडलंय. तू भांडणाचं एक टोक घेऊन गेलास आणि दुसरं माझ्या हातात राहिलं, आता ते ओढू कुणाच्या अंगावर?

जावेदबद्दल सांगते. कुवेतहून तो धावत आला, सगळं त्यानं केलं, तुला खांदा दिला, मामीला सांभाळलं. वाईट नाही. तुझ्यापेक्षा टापटीप आहे, दुकान कसं लख्ख केलंय. पण तो एसी दुरुस्तीचा माणूस, आणि त्याला लोंबणारी वायर दिसली की चैन पडत नाही. सर्व्हिसला आलेल्या बॅटरीची बारीक वायर दिसली की कट्ट. भिंतीतून मला पकडीचा तो आवाजही ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कळेना तो काय करतोय. मग कुणीतरी विचारलं, "अरे, खजूर काढला?" आणि जावेद म्हणाला, "फालतू जुगाड हाय तो भाय. कंपनीच्या गाडीला असली वायर असते काय?"

कंपनीच्या गाडीत ती सोय आतच केलेली असते, म्हणून दिसत नाही. माझ्यासारखी. पण हे त्याला सांगणार कोण?

मी सांगितलं. एकदा न राहवून मी फळी जराशी सरकवून फटीला तोंड लावून बोलले, "जावेद, ती वायर कापू नको, प्लग जळतील."  दुकानात गिऱ्हाईक होतं. मामी आली, तिनं फळी ओढून घेतली आणि दुकानात जाऊन पलीकडून कडी घातली. "तुझा आवाज रस्त्यावर जातो," परत येऊन म्हणाली. "लोक काय म्हणतील, चार दिवस झाले न्हाय तं हिला दुकान सुचतंय." तिनं ते ओरडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. हळू म्हणाली, आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हातातल्या मण्यांची माळ माझ्या केसांत अडकली, ती सोडवत आम्ही दोघी थोडा वेळ तशाच बसलो.

आणि आता ज्याची मला भीती आहे ते. जावेदची रजा संपत आली आहे. जाण्याआधी दुकान कुणाला तरी भाड्यानं द्यायचं त्याच्या मनात आहे. शहाळी-सरबतवाली एक पार्टी येऊन बघून गेली, मी पडद्याच्या फटीतून त्यांची गाडी पाहिली. तो हे माझ्या भल्यासाठीच करतोय, भाभीला घरबसल्या चार पैसे मिळतील म्हणून. घरबसल्या! इकडं रोज तट्ट होतंय, रोज एकेकीचा प्लग जळतोय, आणि गिऱ्हाईक तुटलं की त्याला सांगायला सोपं जाईल, धंदा चालतच नव्हता. माझी इद्दत सरेपर्यंत तिथं सरबताच्या बाटल्या लागलेल्या असतील. मग तू टेबलाचं काय ठरवलं होतंस हा प्रश्नच उरणार नाही, कारण टेबल ठेवायला जागाच नसेल. मी इथं बसून ते होताना ऐकायचं, बस्स.

वरचं लिहून मी कागद उशीखाली ठेवला होता. मध्ये एक जुम्मा गेला. त्या दिवशी जे झालं ते तुला सांगायलाच हवं.

जावेद नमाजाला गेला होता, दुकान बंद होतं. कमळामावशी आली. पाटी डोक्यावर, तशीच थेट आतल्या खोलीपर्यंत. बाई असल्यामुळं तिला कोण अडवणार? माझ्यासमोर बसली, माझे हात धरले आणि रडली, तुझं नाव घेऊन, आपल्या माणसासाठी रडतात तशी. मामीही रडली. मग डोळे पुसून मावशीनं पाटीवरचं फडकं बाजूला केलं. वर सुकट, आणि सुकटीखाली प्लास्टिकमध्ये बांधलेली बॅटरी.

"तुजा दीर बरा हाय," ती म्हणाली, "पन त्याला यातलं काय कलत न्हाय." तिनं प्लग दाखवला. पितळ कोळशासारखं काळं, लाल प्लास्टिक एका बाजूनं ओघळलेलं. तिच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता. खजूर मुळापासून कापलेला. "आता मना हात लावाला भ्या वाटतं. म्हनून आत घेऊन आलू."

"आत कशाला?" मामीनं विचारलं.

"मंग कुटं? तो नेमी बोलायचा, खजूर आतून येतो. कोनी काय इचारलं की बोलायचा, थांब, आत इचारून येतू. आमाला समद्यांना म्हायत हाय, आत कोन हाय ते."

इम्तियाज, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. एवढ्या नकला केल्यास, पण ही एक केली नाहीस. मी समजत होते, तू मला भिंतीआड लपवून ठेवलंस. आणि तू बाहेर उभा राहून सगळ्यांना आत बोट दाखवत होतास. माझा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी तुझा असा राग आला की विचारू नको. सगळ्या थळला माहीत होतं, मग एक टेबल पुढं सरकवायला तुझं काय जात होतं?

मी पलंगाखालून माझा डबा ओढला. मामी उंबऱ्यात होती. मी तिच्याकडं बघितलं नाही, तिनं मला अडवलं नाही. कांडी तापली, सोल्डरच्या राळेचा वास खोलीत पसरला, आणि मला तू आल्यासारखं वाटलं. जुना प्लग कापून नवा लावला. नवा खजूर जोडला, रेझिस्टरवर नळी चढवली. हात जरासुद्धा हलला नाही. कितीतरी दिवसांनी मी तांदळाशिवाय दुसऱ्या कशाला तरी हात लावला होता.

पण बॅटरी जोडायची तर सायकल बाहेर अंगणात. मी जाऊ शकत नव्हते. कमळामावशी अंगठा झाकून म्हणाली, "मी न्हाय लावायची आता."

तेव्हा मामी उठली. तसबीह तिनं खुंटीला अडकवली.

"दे इकडं," ती म्हणाली. "बघू दे मना, माझ्या पोराला काय चावलं ते."

ती बॅटरी तिनं छातीशी धरून नेली, लहान मूल नेतात तशी. मी पडद्यामागं उभी राहिले. फटीतून मला तिचे हात दिसत होते, त्यांवरच्या नसा आणि बोटांची थरथर. ती तुझीच थरथर होती. मी आतून सांगत गेले. "काळी जाड आधी." तिनं लावली. "आता बारीक, तिकडं लाल भोकात टेकव. बिस्मिल्ला म्हण." तिनं म्हटलं. टेकवली. "आता थांब."

ती थांबली.  मी पुढचं सांगायचंच विसरले, तिच्या हातांकडं बघत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "किती थांबू गो?"

"झालं. आता जाड लाल."

तिनं डोळे मिटून घेतले आणि प्लग आत दाबला.

काही झालं नाही. कावळा ओरडत होता, रस्त्यावरून गाडी गेली, बाकी काही नाही. मामीनं एक डोळा उघडला. "आवाज न्हाय आला."

"न्हाय येत, मामी. खजूर लावला की न्हाय येत."

ती बॅटरीवर हात ठेवून उभीच राहिली. मग हळू म्हणाली, "म्हंजे यानं न्हाय मारलं त्याला."

"न्हाय मामी."

"मग कशानं गो?" ती पायरीवर बसली. "चांगला चहा पिऊन गेला होता. मग कशानं?"

 तिचा गुन्हेगार मी काढून घेतला होता आणि बदल्यात द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. कमळामावशी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मला अंगणात जाऊन तिला धरायचं होतं. मी पडदा धरून उभी राहिले.

संध्याकाळी मामी माझ्या शेजारी येऊन टेकली.  मग म्हणाली, "तुझी इद्दत पण खजूर लावल्यासारखीच समज. आधी दम धरायचा, मग बाहेर."

मी म्हटलं, "मामी, तिथं एक श्वास पुरतो."

ती हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि लगेच तोंडावर पदर घेतला, जणू चोरी झाली. त्याच आडोशातून म्हणाली, "जावेदला मी सांगते. दुकान कुणाला द्यायचं न्हाय. शटरची चावी माझ्याकडं ऱ्हाईल."

काय सांगितलं ते मला माहीत नाही. जावेद दोन दिवस घुश्श्यात होता. मग त्यानं दाराआडून विचारलं, "भाभी, तो खजूर किती लांब ठेवायचा?" तू असतास तर नक्कल केली असतीस.

मी अजून आतच आहे. उगाच खूश होऊ नको. दार बंद आहे, लाद्यांचे तडे तसेच आहेत, पंखा तसाच कुरकुरतो. आल्यावर सांगतो म्हणालास ते सांगायचं राहिलंय, आणि ते आता राहणारच. माझं टेबल इद्दत सरली की पुढं जाईल, ते मी ठरवलंय. पण ते तुझ्याशी भांडून पुढं न्यायचं होतं. तुझ्याशिवाय जिंकण्यात मला काही गोडी वाटत नाही.

आज दुपारी मी पडले होते. फळीवर टकटक झाली. दोनदा, बोटाच्या पेरानं. मी उठून बसले.  पलीकडून कडी निघाली, फळी सरकली, आणि त्या ताटाएवढ्या भोकातून बॅटरी आत आली. मागं मामीचा हात, नसा वर आलेला. ती तुझ्या स्टुलावर बसली होती.

"घे गो," ती म्हणाली.

तसंच, 'गो'ला जरा लांबवून. तुझंच. इतकी वर्षं मी ते तुझं समजत होते, आणि ते तिचं होतं. घरातल्या बायकांना ती तसं म्हणायची, ते ऐकत तू वाढलास आणि तेच उचलून माझ्यासाठी आणलं होतंस.

मी बॅटरी घेतली नाही. तिचा हात धरला आणि रडले. तू गेल्यावर सगळ्यांसमोर रडले होते ते तोंड दाबून. आज मोठ्यानं रडले, भोकाड पसरून, लहान मुलं रडतात तसं. दुकानात गिऱ्हाईक होतं. माझा आवाज पार रस्त्यावर गेला असेल.

मामीनं फळी लावली नाही.